फटफटीचे दोन पंथ

मोटारसायकलीला फटफटी हे नाव ज्या कोणी दिले, त्याचा कान मोठा तिखट असला पाहिजे. पण त्या नावात एक गंमत आहे. फट, फट असा एकेक ठोका सुटा मोजून देते ती फोर स्ट्रोक गाडी. टू स्ट्रोक गाडी फटफटत नाही. ती रिणरिणते, आणि मूठ पिळली की किंचाळते. आमच्या पालघर-बोईसर पट्ट्यात या दोन्ही पंथांचे कडवे भक्त आहेत. शैव-वैष्णवांचे भांडण कधीच मिटले, पण चहाच्या टपरीवरचे हे भांडण अजून चालूच आहे.

मी स्वतः या वादात तटस्थ होतो. पण माझ्या हाताखालून शिकून गेलेला एक मुलगा एका संध्याकाळी दारात येऊन उभा राहिला आणि माझी तटस्थता संपली. तो तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करतो. आई राहते जव्हारच्या बाजूला, डांबर संपल्यावर दोन ओढे ओलांडून जावे लागते अशा पाड्यावर. आठवड्याची सुट्टी आली की चिल्हारवरून हमरस्ता, मग मनोर, विक्रमगड असे करीत हा घरी जातो. आजवर एस. टी. आणि पुढे पायपीट. आता चार पैसे साठले होते.

"गुरुजी, दोन गाड्या बघितल्यात. कुठली घेऊ, ते तुम्ही सांगा."

"अरे, मला गाडीतले काय कळते?"

"म्हणून तर विचारतो. ज्यांना कळते, ते सगळे भांडतात."

यावर मला उत्तर सुचले नाही.

एक गाडी होती यामाहाची आर-एक्स १००. ही गाडी १९८५ साली आली आणि १९९६ साली बंद झाली. पण बंद झाल्यावर तिची किंमत वाढतच गेली. चिखलाच्या शर्यतीत धावणाऱ्या खऱ्या डर्ट बाइकला आपल्या सडकेवर नोंदणीच मिळत नाही. म्हणून हौशी पोरे या जुन्या आर-एक्सला बटण टायर चढवतात, पुढचे मडगार्ड उंच करतात आणि तिलाच डर्ट बाइक म्हणतात. दुसरी होती हीरोची एक्सपल्स, २०१९ साली निघालेली, दोनशे सी. सी.ची, कच्च्या रस्त्यासाठीच उंच बांधलेली. तीही जुनीच, पण एका हातची. पहिली टू स्ट्रोक, दुसरी फोर स्ट्रोक.

मुलाच्या निमित्ताने मी दोन संध्याकाळी एका मेकॅनिकच्या दुकानात बसलो आणि त्याचा विद्यार्थी झालो. फोर स्ट्रोक इंजिनाचे चार टप्पे मला लगेच पटले: श्वास घ्यायचा, दाबून धरायचा, पेटवायचा, सोडायचा. पिस्टन दोनदा वर आणि दोनदा खाली जातो, तेव्हा कुठे एक स्फोट होतो. टू स्ट्रोकला एवढा धीर नाही. तिथे प्रत्येक फेऱ्याला स्फोट. आत घेणे आणि बाहेर टाकणे एकाच वेळी. पंगतीत उष्टी पत्रावळ घाईने उचलताना शेजारचे ताजे वाढलेलेही थोडे जावे, तसे जळालेल्या धुराबरोबर थोडे न जळलेले पेट्रोलही नळीतून निघून जाते. शिवाय या इंजिनाला वंगण पेट्रोलबरोबरच पोचते आणि त्याच्याबरोबरच जळते. तो निळसर धूर येतो तो त्याचा.

पण या घाईचे फळही मोठे. आर-एक्सचे इंजिन ९८ सी. सी.चे, ताकद सुमारे अकरा अश्वशक्ती. त्याच १९८५ साली आलेल्या हीरो होंडा सी. डी. १०० चे इंजिन जवळजवळ तेवढेच, ताकद मात्र सातच्या आसपास. व्हॉल्व्ह नाहीत, टाइमिंग चेन नाही, म्हणून वजनही कमी. आर-एक्स शंभर किलोच्या आसपास, एक्सपल्स दीडशेच्या वर. चिखलात आडवी झालेली गाडी ज्याने एकट्याने उचलली आहे, त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. इंजिन बिघडले तर पिस्टन, रिंगा, सिलिंडरचे बोअरिंग. खेड्यातला कारागीरही उघडतो आणि बसवतो.

एवढे ऐकून मी मनाने आर-एक्सकडे झुकलो. परदेशातल्या चिखलाच्या शर्यतींतही पुष्कळ वर्षे टू स्ट्रोकचेच राज्य होते. पण १९९७ साली अमेरिकेत लास व्हेगासच्या शर्यतीत डग हेन्री याने यामाहाच्या चारशे सी. सी. फोर स्ट्रोक गाडीवर बाजी मारली आणि वारे फिरले. आज तिथे अडीचशे टू स्ट्रोकच्या तोडीला साडेचारशे फोर स्ट्रोक धरतात. कोणी म्हणेल, हा न्याय कसला? पण शर्यतीच्या स्वारांना फोर स्ट्रोकमध्ये वेगळेच काही मिळाले होते. टू स्ट्रोकची ताकद खाली निजलेली असते आणि वर गेल्यावर एकदम अंगावर येते. फोर स्ट्रोकची तळापासून सारखी येते. चाक चिखलात गरगर फिरत न बसता जमीन धरते.

मेकॅनिकने शेवटी जे सांगितले, त्याने माझा निर्णय झाला. "मास्तर, चढाला आर-एक्ससारखी गाडी नाही. उताराला मात्र सांभाळावे लागते." टू स्ट्रोक गाडीची मूठ सोडली तर फोर स्ट्रोकसारखी ती स्वतःला रोखत नाही, सारा भार ब्रेकवर येतो. आणि लांब उतारावर मूठ बंद ठेवली की पेट्रोलही कमी जाते, वंगणही कमी जाते. इंजिन तापून पकडण्याची भीती. जाणता स्वार मधूनमधून मुठीला हलकी पिळ देत राहतो. तेलाची टाकी बघायची, प्लग पुसायचा, आवाजातला बदल ओळखायचा. ही गाडी आपल्या धन्याला क्षणभर विसरू देत नाही.

हीरो होंडाची जुनी जाहिरात नेमकी उलटे सांगायची: भरा, झाकण लावा आणि विसरा. त्या वेळी मला हे विसरणे आळशीपणाचे वाटले होते. आता वाटते, माणसाजवळ लक्ष मोजकेच असते. ते यंत्राला दिले तर रस्त्याला कमी पडते. एकटा जीव असेल, कोरडा दिवस असेल, तर यंत्राशी बोलत जाण्यासारखे सुख नाही. पण या मुलाच्या मागे कोण बसणार होते? पावसाळ्यात त्या पाड्यापर्यंत रुग्णवाहिका येत नाही. आजारी माणसाला झोळीत घालून चार जणांनी डांबरी रस्त्यापर्यंत आणायचे, ही तिकडची रीत अजून गेलेली नाही. पाड्यावर गाडी आली की ती एकट्याची राहत नाही. बाळंतीण, ताप आलेले पोर, साप चावलेला म्हातारा, सगळे त्या मागच्या सीटवर बसणार. आणि दवाखान्याची वाट बहुतेक उताराची.

मी त्याला हे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "गुरुजी, मनात आर-एक्सच होती."

"माझ्याही," मी म्हणालो.

त्याने एक्सपल्स घेतली. जूनमध्ये पहिल्या पावसातच आईला घेऊन जव्हारच्या दवाखान्यात जाऊन आला. ओढ्याच्या काठावर गाडी एकदा आडवी झाली. उचलायला दोघे लागले, तेव्हा आईनेच हात दिला. वजनाची तक्रार त्याने माझ्याकडे दोनदा केली आणि मी ती दोन्ही वेळा ऐकून घेतली. निवड करून देणाऱ्याने एवढे तरी सोसले पाहिजे.

टू स्ट्रोकचे दिवस सडकेवरून गेले. धुराचे नियम २००० सालापासून कडक होत आले आणि तिला ते झेपले नाहीत. म्हैसूरची येझदी १९९६ साली थांबली. २०२२ साली ते नाव परत आले, पण फोर स्ट्रोक होऊन. शर्यतीच्या मैदानात मात्र ती जिवंत आहे. ऑस्ट्रियाच्या केटीएमने २०१७ साली तिला इंधन फवारणीची नवी विद्या शिकवली. आमच्या भागात अजून काही आर-एक्स शिल्लक आहेत. पालघरच्या स्टेशन रस्त्यावरून एखादी किंचाळत गेली, की वर्गातली मुले खिडकीकडे बघतात. मी त्यांना रागावतो. पण ती दूर जाईपर्यंत फळ्याकडे वळत नाही.