नावे आणि जमा

मला हिशेब येत नव्हता. खोटं कशाला सांगू? मराठीच्या पेपरात मी वर्गात पहिला. जलशात मामाच्या मागं उभा राहून झील धरायचो, चार ओळी पदरच्या जोडायचो. पण १९६९ साली १४ बँका सरकारी झाल्या आणि मामाच्या डोक्यात बँक शिरली. "गाण्यानं पोट भरत न्हाई. कॉमर्स घे." घेतलं.

१९७५ साल. शहरातलं कॉलेज. अकाउंटन्सी, ती पण इंग्रजीतून. डेबिट, क्रेडिट, जर्नल, लेजर. पुढच्या बाकांवरच्या पोरांच्या बापांची दुकानं. त्यांना हे घरी जेवता जेवता कळलेलं. सर त्यांच्याकडं बघूनच शिकवायचे. एकदा उठून शंका विचारली, तर म्हणाले, "तुम्हा लोकांना आर्ट्सच बरं." वर्ग हसला. चाचणीत १०० पैकी ११. वर्षाला नापास झालो की स्कॉलरशिप बंद, म्हणजे परत गाव. बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ छापला. त्यांच्याच तसबिरीखाली बसून मी रुपयाला भीत होतो.

वसतिगृहात शेवटच्या वर्षाचा आमच्यातलाच एक पोरगा होता. त्यानं माझं पुस्तक मिटलं.

"गावातल्या दुकानदाराची वही बघितली का कधी? काय लिहितो?"

"उधारी मायच्या नावे लिहितो. पैसे दिले की जमा."

"मग झालं की. नावे म्हणजे डेबिट, जमा म्हणजे क्रेडिट. घेणारा नावे, देणारा जमा."

मी गप्पच. हा शब्द तर बाराखडीच्या आधी कानावर पडलेला. आमचं घर कायम नावेच्याच बाजूला.

म्हणून लगेच सोपं झालं असं नाही. रोज रात्री दोन गणितं, डोळे चुरचुरेपर्यंत. ट्रायल बॅलन्स जुळायचाच नाही. त्यानं दोन खुणा सांगितल्या. फरकाला ९ नं भाग गेला तर बहुतेक आकडे उलटे पडलेत, ५४ चे ४५ झालेत. नाहीतर फरकाच्या निम्मी रक्कम शोध, ती चुकीच्या बाजूला गेली असेल. एवढ्यावर वर्ष काढलं. ४२ मार्क पडले.

सुट्टीत गावी गेलो. १९७२ च्या दुष्काळात माय खडी फोडायची, तेव्हाची उधारी अजून फिटत होती. तिच्या सांगण्यावरून ती मी शाळेच्या वहीत टिपून ठेवलेली. दुकानदारानं आम्हाला पायरीखाली उभं करून बाकी वाचली. माझ्या बेरजेपेक्षा २७ रुपये जास्त.

सत्तावीस! पाय लटपटत होते, तरी बोललो, "३६ च्या जागी ६३ पडलेत का बघा."

त्यानं पानं उलटली. जोंधळ्याच्या रकमेवर बोट थांबलं. "हात चुकला रं पोरा."

असेल चुकला.

वाटेनं माय काही बोलली नाही. घरी आल्यावर तिनं पत्र्याची पेटी उघडली, फडक्यात बांधलेल्या चिठ्ठ्या काढल्या. बापाच्या वेळच्या, पिवळ्या पडलेल्या. माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "ह्येला बी नवानं भाग लाव."