झटका कधी बसतो?

दिवाळी सरली की सोनईच्या हवेला मळीचा वास लागतो. मुळा कारखान्याचा बॉयलर पेटलेला असतो. राहुरीच्या आणि घोडेगावच्या बाजूने ट्रॅक्टर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत येत असतात आणि रस्त्याला सांडलेली टिपरं, वाढं जनावरांसाठी उचलायला कुणी ना कुणी वाकलेलं असतं. पावसाळाभर पत्र्याच्या शेडमध्ये विसावलेली आमची जुनी पेट्रोल पिकअप याच दिवसांत पुन्हा कामाला लागते. जीपचाच सांगाडा, पुढे गोल दिवे, मागे छोटासा हौदा. वैरण, खताच्या गोण्या, कांदा, कधी शेजाऱ्याचा मोटारपंप, तिने कशालाच कधी नाही म्हटलेलं नाही.

अशा गाड्या आता शोधाव्या लागतात. महिंद्रा कंपनी 1945 साली सुरू झाली आणि 1947 पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी होऊ लागली. पुढे या जीपना हरिकेन नावाचं इंजिन आलं. चार सिलिंडर, 2.2 लिटर, हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये, अशी त्याची आगळी ठेवण. 1973 च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेनासं झालं, तशी गावोगावच्या जीपमधून ही इंजिनं उतरली आणि त्यांच्या जागी डिझेल इंजिनं बसली. आमच्या वडिलांनी मात्र पेट्रोल इंजिन ठेवलं. त्याचा आवाज गोड आहे, एवढंच कारण ते सांगत. मला ते कारण आजही पुरेसं वाटतं.

गेल्या हंगामाच्या सुरुवातीला ही गाडी झटके मारायला लागली. पाय स्थिर, रस्ता सपाट, आणि मध्येच कुणी मागून धरल्यासारखी ती अडायची, लगेच सुटायची, पुन्हा अडायची. हौद्यातल्या गोण्या पुढेमागे व्हायच्या, शेजारी बसलेला माणूस डॅशबोर्डला हात लावायचा. ओळखीच्या गाडीने असं अडखळावं, हे मनाला लागतं. वर्षानुवर्षं तिची प्रत्येक कुरकुर कानाला पाठ असते. त्यात नवा सूर आला की जेवताना, झोपताना तोच ऐकू येत राहतो.

सल्ल्यांना तोटा नव्हता. प्लग बदला, कॉइल बदला, कार्बोरेटरच नवा टाका. आमच्या मिस्त्रींनी यातलं काहीच सुचवलं नाही. बॉनेटलाही हात लावला नाही. हात पुसत त्यांनी एवढंच विचारलं, “झटका कधी मारती? थंड असताना का तापल्यावर? चढाला का सपाटीला? पाय दाबताना का पाय धरून ठेवल्यावर?” यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं माझ्याजवळ नव्हती. “मग आधी चालवून बघा,” ते म्हणाले. “गाडी सगळं सांगती. आपण ऐकायचं.”

त्यांनी ऐकायला काय शिकवलं, ते सांगण्यासाठीच हा लेख आहे.

पहिली गोष्ट झटक्याच्या जातीची. बटण बंद-चालू केल्यासारखा झटका एकदम तुटक असेल, तर ठिणगीकडे बघायचं. पॉइंट झिजलेले असतात, कंडेन्सर तापल्यावर दगा देतो, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला केसाएवढी चीर गेलेली असते, प्लगची वायर दमट हवेत इंजिनच्या अंगावर वीज सोडून देते. असं इंजिन रात्री दिवे मालवून, बॉनेट उघडून चालू ठेवलं, तर वायरींवर निळसर ठिणग्या सरकताना डोळ्यांना दिसतात. झटका मऊ असेल, आधी दम कोंडावा आणि मग गाडीने ओढ सोडावी असा असेल, तर पेट्रोल आणि हवा यांच्या मिश्रणाकडे वळायचं. आमचा झटका दुसऱ्या जातीचा होता.

दुसरी गोष्ट रस्त्यांची. कार्बोरेटर बाहेरून ओंजळीत मावेल एवढा, पण त्याच्या आत वेगवेगळ्या कामांना वेगवेगळ्या वाटा असतात. हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तिथला दाब उतरतो आणि त्या ओढीने शेजारच्या वाटीतलं पेट्रोल बारीक छिद्रातून वर चढून हवेत मिसळतं. हे छिद्र म्हणजे मेन जेट. इंजिन हळू फिरत असताना एवढी ओढ नसते, म्हणून त्या वेळेसाठी स्लो जेटची वेगळी वाट. पाय एकदम दाबला की हवा लगेच धावते, पेट्रोल मागे पडतं, म्हणून त्या क्षणापुरती पेट्रोलची चिळकांडी मारणारा छोटा पंप. आणि वाटीतलं पेट्रोल कायम एका पातळीवर ठेवायला पितळी फ्लोट आणि सुई. कोणती वाट बिघडली आहे हे गाडी उघडल्याशिवाय कळू शकतं, फक्त तेवढ्याच वाटेवर काम पडेल असा रस्ता निवडावा लागतो. सोनईत राहणाऱ्याला असे रस्ते घराबाहेर पडताच मिळतात.

शनिवारी गाडी शिंगणापूरच्या वाटेला घातली. भाविकांच्या गाड्यांची रांग, पहिला-दुसरा गिअर, पाय जेमतेम टेकवलेला. इथे सगळं काम स्लो जेटचं. गाडी एकदाही अडखळली नाही. सिग्नलसारखं थांबून पुन्हा निघताना पाय दाबला, तेव्हाही तिने लगेच ओढ घेतली, म्हणजे चिळकांडीचा पंप धड होता. तरी खात्रीसाठी घरी आल्यावर इंजिन बंद करून एअर फिल्टर काढला, कार्बोरेटरच्या गळ्यात डोकावून हाताने लिव्हर ओढला. पेट्रोलची बारीक धार स्वच्छ दिसली.

नंतर घोडेगावचा रस्ता. सपाट, मोकळा. तिसरा गिअर, पाय एका जागी. थोड्याच वेळात झटके सुरू झाले. चोक किंचित ओढून धरला, तसे ते कमी झाले. चोक हवा अडवतो, त्यामुळे मिश्रणात पेट्रोल वाढतं. म्हणजे गाडीला पेट्रोल कमी पडत होतं आणि मेन जेटवरचा संशय पक्का झाला.

शेवटी हौद्यात खताच्या गोण्या घेऊन पांढरीपुलाच्या पुढे इमामपूरचा घाट. नगरकडे चढताना इंजिन पेट्रोल अक्षरशः पितं. पहिला थोडा चढ ती जोमाने चढली, मग हळूहळू मरगळली आणि धक्के देत पार मंदावली. कडेला घेऊन थोडा वेळ उभी केली, तर पुन्हा पहिल्यासारखी निघाली. वाटीत होतं तेवढं पेट्रोल संपत होतं आणि मागून तितक्या वेगाने येत नव्हतं. टाकीच्या झाकणाचं श्वासछिद्र बुजलं असेल तर असंच होतं. आत पोकळी तयार होते आणि झाकण सैल करताच सुस्कारा ऐकू येतो. झाकण सैल केलं. सुस्कारा आला नाही. उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ नळीत अडकून बसते, तेव्हा पंपावर ओलं फडकं टाकून गाड्या चालवलेल्या आम्ही पाहिल्या आहेत, पण हे दिवस हिवाळ्याचे होते. उरला टाकी ते इंजिन हा प्रवास.

इतकं कळल्यावर मिस्त्रींनी पान्हा हातात घेतला. प्लग काढले तर त्यांची टोकं पांढुरकी. भाजलेल्या विटेचा तपकिरी रंग असता तर मिश्रण बरोबर, काजळी असती तर पेट्रोल जास्त, आणि हा पांढुरका रंग पेट्रोल कमी असल्याचा. मग कार्बोरेटरची वाटी उघडली. स्वच्छ पेट्रोलच्या तळाशी तपकिरी पूड साचली होती, तिच्यात काळे मऊ कण होते, आणि वाटी कलती केली तशी तळातून पाण्याची टपोरी गोळी घरंगळत एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेली. मेन जेट उन्हाकडे धरला. मिलिमीटरच्या आसपासचं ते छिद्र गोल असायला हवं होतं, दिसला अर्धा चंद्र. मी तार शोधायला लागलो, तर मिस्त्रींनी हात धरला. पितळ मऊ असतं, तारेने छिद्र एकदा वाढलं की जेट कायमचा वाया. त्यांनी तो पेट्रोलमध्ये भिजवला आणि हवा मारून मोकळा केला.

काळे कण कुठले, ते टाकीपासून येणारी रबरी नळी दाबल्यावर समजलं. बाहेरून चांगली दिसणारी नळी बोटांखाली लिबलिबीत लागत होती. आतून तिचा पापुद्रा सुटत होता आणि घाटात पंपाने जोरात ओढलं की ती चिमटून बसत होती. सपाटीवरचे झटके आणि घाटातली मरगळ, दोन्ही एकाच नळीतून येत होते.

ही नळी अशी का झाली, याचं उत्तर आमच्याच शिवारात आहे. उसाच्या रसाची साखर होते, मागे मळी उरते, मळीपासून इथेनॉल होतं आणि ते पेट्रोलमध्ये मिसळलं जातं. देशात 2022 साली हे मिश्रण 10 टक्क्यांवर पोचलं, 2025 मध्ये 20 टक्क्यांवर. उसाला त्यामुळे आधार मिळाला, हे ऊस लावणाऱ्या घरातला माणूस म्हणून मी मनापासून सांगतो. पण आमच्या गाडीचा जेट निव्वळ पेट्रोलच्या काळात कोरलेला आहे. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला साधारण 9 किलो, कारण त्याच्या अंगातच ऑक्सिजन असतो. वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. आजच्या गाडीतला सेन्सर हा फरक ओळखतो आणि पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरला ते जमत नाही. तो छिद्राच्या मापानेच देणार, म्हणून मिश्रण मुळातच थोडं पातळ होतं आणि जेटमध्ये जरा कचरा आला की गाडी अडखळते. शिवाय इथेनॉल जुन्या रबराला मऊ पाडतं, टाकीतला वर्षांचा थर सोडवतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. ते पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉलला बरोबर घेऊन तळाशी बसतं. पावसाळाभर अर्ध्या टाकीने उभ्या असलेल्या गाडीत नेमकं हेच घडतं.

मला हे समजलं तेव्हा एक विलक्षण आपलेपणा वाटला. मुळा धरणाच्या कालव्याचं पाणी, काळी जमीन, त्यावर उभा राहिलेला ऊस, तोडायला येणारे मजूर, कारखाना, हे सगळं फिरून कार्बोरेटरच्या या लहानशा वाटीत उतरलेलं होतं. गाडी जुनी, इंधन नवं, आणि दोघांचं जमवून देणं हे आमचं काम.

ते फार मोठं निघालं नाही. इथेनॉल सोसणारी नवी नळी, नवा फिल्टर, पंपाचा डायफ्रॅम, धुतलेली टाकी, एक माप मोठा जेट. फ्लोटची पातळी बघितली, पॉइंटचा गॅप फिलरने तपासला. मिस्त्रींचा एक नियम मात्र मोडला नाही. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्यावर पुन्हा चक्कर. यात वेळ जातो. पण शेवटी काय बिघडलं होतं हे नक्की कळतं, आणि चांगला भाग भंगारात जात नाही. त्यांनी इंजिनाचे रबरी माउंटिंग आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉसही हलवून बघितले. ते ढिले असले तर लहान झटक्याने अख्खं इंजिन हलतं, चालकाचा पाय पॅडलवर उडतो, त्या उडण्याने पेट्रोल कमी-जास्त होतं आणि झटका स्वतःच स्वतःला वाढवत जातो. अशा वेळी पाय आवरून धरला तरी निम्मा त्रास थांबतो.

ही विद्या आता ओसरते आहे. नव्या गाडीला यंत्र जोडलं की पडद्यावर दोषाचा आकडा येतो, आणि ती सोय चांगलीच आहे. पण कानाने, नाकाने, तळहाताला लागणाऱ्या कंपाने बिघाड ओळखणारी माणसं अजून नेवाशात, राहुरीत, घोडेगावच्या रस्त्याकडेच्या गॅरेजांत आहेत. कार्बोरेटरची कामं कमी झाल्याने त्यांच्या हाताखाली हे शिकणारी पोरं कमी होत चालली आहेत. कुणाच्या शेडमध्ये अशी गाडी उभी असेल, तर तिच्या कामाच्या वेळी घरातल्या पोराला शेजारी उभं करा आणि मिस्त्रींना प्रश्न विचारू द्या.

आणि गाडी झटके मारू लागली, तर सामान आणायला नगर गाठण्याआधी एक वही घ्या. थंड की गरम, रिकामी की भरलेली, चढ की सपाटी, पाय दाबताना की धरून ठेवल्यावर, एवढं लिहा. पावसाळ्याआधी टाकी आणि वाटी रिकामी करून ठेवा, रबरी नळी दर वर्षी दाबून बघा. पान्हा त्यानंतर उचला.