आईची माहेश्वरी आणि पिवळी पिन

मंडळी, सराफा, राजवाडा, अनंत चतुर्दशीच्या झाँक्या यांवर इथे पुष्कळ लिहून झालंय आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे आहेत. मी आज लिहितोय तारांबद्दल. पिवळी, पांढरी आणि लाल. ज्यांच्या माळ्यावर व्हिडिओ कॅसेटी अजून पडून आहेत त्यांनी जरूर वाचावं.

दिवाळीत मुलाने पुण्यात बसून ५५ इंची टीव्ही मागवला आणि तो आमच्या रामबागेतल्या घरी येऊन थडकला. बसवायला आलेला मुलगा चटपटीत होता. अर्ध्या तासात टीव्ही भिंतीवर. मग त्याची नजर खालच्या फळीवरच्या व्हीसीआरवर गेली. "अंकलजी, ये तो अब कबाड़ में जाएगा. नए में इसका कनेक्शन ही नहीं होता." मी म्हटलं, "बेटा, देखते हैं." बँकेत ३८ वर्षं काढलेल्या माणसाला 'होत नाही' असं कोणी म्हटलं, की तसं कुठे लिहिलंय ते आधी बघायची खोड असते.

हा व्हीसीआर आमच्या भाऊजींनी, म्हणजे अक्काच्या यजमानांनी, १९८६ साली मस्कतहून आणला. तेव्हा लोक व्हीसीआर एका रात्रीपुरता भाड्याने आणत आणि पैसे वसूल व्हावेत म्हणून सकाळपर्यंत तीन सिनेमे बघत. आमच्याकडे घरचा असल्यामुळे आमची बैठकीची खोली म्हणजे गल्लीचं थिएटर होतं. भाऊजी गेले, त्याला आता नऊ वर्षं झाली. अक्का तेव्हापासून आमच्याकडेच असते. वय ८६. एका डोळ्याने कमी दिसतं, पण माणसं ओळखण्यात अजून पक्की. हे मुद्दाम सांगतोय. आमच्या घरात १९६० च्या आधीची माणसं चेहऱ्यावरून ओळखणारी आता ती एकटीच आहे. कॅसेटींची घाई होती ती एवढ्याचसाठी.

माळ्यावरून अकरा कॅसेटी निघाल्या. मी रीतसर वहीत नोंद केली: अनुक्रमांक, लेबलवर काय लिहिलंय, कॅसेटच्या खिडकीतून फीत कशी दिसते. पाच लग्नं, एक मुंज, दोन 'रामायण' (दूरदर्शनवरून टेप केलेलं), नानांचं १९९० सालचं सहस्रचंद्रदर्शन, एक अमेरिका आणि एक बिनलेबलाची.

आता जोडणीचं. जुन्या व्हीसीआरमधून चित्र दोन वाटांनी बाहेर पडतं. एक अँटेनाची वायर, जिला टीव्हीवर ठरावीक चॅनल लावावा लागायचा. दुसरी वाट तीन पिनांची: पिवळी चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची, लाल उजव्या आवाजाची. आमच्या मशीनचा आवाज एकाच वाटेने येतो, त्यामुळे लाल पिन रिकामीच. ही तीन पिनांची वाट चांगली. नव्या टीव्हीच्या मागे मात्र ही तीन रंगीत भोकं बहुधा दिसत नाहीत. एचडीएमआयची दोन-तीन सॉकेटं असतात आणि बाजूला कोपऱ्यात हेडफोनच्या भोकासारखं एक बारीक भोक, त्यावर 'एव्ही इन' लिहिलेलं. त्या बसवणाऱ्या मुलाला ते दिसलंच नव्हतं. त्याला एक छोटी वायर लागते: एका टोकाला बारीक पिन, दुसऱ्या टोकाला तीन रंगीत सॉकेटं. काही टीव्हींच्या खोक्यात ती येते, आमच्यात नव्हती.

जेल रोडवर एका दुकानात गेलो. त्याने आधी एक डबी काढून दिली, "इससे सब चलेगा." डबीवर बारीक अक्षरात एचडीएमआय आधी, बाण, मग एव्ही. म्हणजे नव्या यंत्रातून जुन्या टीव्हीत. आम्हाला नेमकं उलटं हवं होतं. या डब्या एकाच दिशेने चालतात, दिसायला मात्र जुळ्या बहिणी. मी बाण दाखवला तर म्हणतो, "एक ही बात है." एकच गोष्ट कशी असेल? जमा आणि नावे एकच असतं का? ज्यांच्या टीव्हीला एव्हीचं भोकच नसेल त्यांनी 'एव्ही ते एचडीएमआय' अशी बाण बघून डबी घ्यावी आणि तिला वीज लागते, म्हणून यूएसबीची वायर सोबत घ्यावी.

मला बारीक पिनेची वायरच हवी होती, ती शेजारच्या दुकानात मिळाली. घरी लावली तर आवाजाच्या जागी नुसती घरघर आणि चित्र नाही. या बारीक पिनेवर चार पट्ट्या असतात आणि कोणत्या पट्टीवर काय येतं हे सगळ्या कंपन्यांचं सारखं नाही. पिवळी पिन लाल सॉकेटात घालून पाहिली आणि चित्र आलं. प्रत्येक वेळी येईलच असं नाही, पण वायर फेकण्याआधी हा प्रयोग करून बघा.

पहिली लावली ती मुद्दाम रामायणाची. यंत्राने फीत खाल्ली तरी दुःख नाही. चित्र थरथरायचं आणि मधेच टीव्ही 'सिग्नल नाही' म्हणून निळा व्हायचा. जुना डबा टीव्ही बरा होता, चित्र वाकडंतिकडं झालं तरी दाखवत राहायचा. नव्याला सिग्नल जरा डळमळला की तो पडदाच टाकतो. व्हीसीआरवर ट्रॅकिंगचं बटण असतं, ते सावकाश फिरवून बरंचसं ठीक झालं. शिवाय नवा टीव्ही रुंद, जुनं चित्र चौकोनी, त्यामुळे सगळे ऋषीमुनी आडवे पसरलेले. सेटिंगमध्ये जाऊन चार-तीनचं प्रमाण लावलं, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या आणि माणसं माणसांसारखी दिसायला लागली. शार्पनेस कमी करा आणि खुर्ची मागे घ्या. जवळ बसून मोठ्या पडद्यावर हे चित्र बघण्यात अर्थ नाही.

मग नानांचं सहस्रचंद्रदर्शन. ते भाऊजींनी स्वतः शूट केलेलं, त्यामुळे हलतं, अंधारं, अर्धा वेळ कोणाच्या तरी पाठीवर कॅमेरा. आणि तेच सगळ्यांत मोलाचं निघालं. लग्नांच्या कॅसेटी पैसे देऊन केलेल्या, हॅलोजनचे दिवे मारून, आणि मिक्सिंगवाल्याने पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी चढवलेली. मंगलाष्टकांवरसुद्धा गाणं! माणसांची तोंडं हलताना दिसतात, आवाज एकाचाही नाही. भाऊजींच्या कॅसेटीत मात्र आमचे मामा कढीवरून आचाऱ्याला झापताना ऐकू येतात. अक्का एकेक नाव सांगत होती, मी वहीत मिनिटं टाकून लिहून घेत होतो. "ही कोण, हिरव्या लुगड्यातली?" "ती धारची मावशी. आणि मागे उभा तो तिचा दीर, त्याला उधार देऊ नकोस म्हणून नाना सांगायचे." तीन तासांच्या कॅसेटीत बासष्ट नावं झाली. त्यातली चाळीस तरी मला सांगता आली नसती.

आता दहा नंबर, अमेरिका. १९९४ च्या हिवाळ्यात आई धाकट्या भावाकडे शिकागोला गेली होती. तिथून त्याने कॅसेट पाठवली. तेव्हा आम्ही सगळे जमून बसलो, कॅसेट लावली, तर चित्र काळं-पांढरं आणि खालून वर पळतंय. दिसायची आई, पण डोकं खाली नि पाय वर. टीव्हीच्या मागची चकती फिरवून फिरवून भाऊजी थकले. पाच मिनिटांत बंद केली. कारण असं, की अमेरिकेतलं चित्र वेगळ्या पद्धतीचं: त्यांचं एनटीएससी, ५२५ रेषांचं, सेकंदाला सुमारे ३० चित्रं. आपलं पॅल, ६२५ रेषा आणि सेकंदाला २५. भाऊजींचं यंत्र आखाती देशातलं, दोन्ही पद्धतीच्या कॅसेटी वाजवणारं, पण टीव्ही आपला फक्त पॅल समजणारा. आई परत आल्यावर कॅसेटीची गरजच राहिली नाही, माणूसच समोर होतं. ती १९९७ साली गेली. त्यानंतर ती कॅसेट लावायचं कोणाच्या मनात आलं असेल तर कोणी बोललं नाही.

नव्या टीव्हीला दोन्ही पद्धती समजतात. मी काहीच केलं नाही, त्याने आपणहून ओळखलं. चित्र स्थिर आणि रंगीत!

भावाच्या घराच्या खिडकीबाहेर बर्फ आणि आई स्वयंपाकघरात नऊवारी नेसून, वर भावाचा जाड कोट. तीस वर्षं आमच्या डोक्यात ती काळी-पांढरी होती. अक्का पुढे सरकली, चष्मा पुसला आणि म्हणाली, "मोरपंखी. म्हटलं नव्हतं मी? माहेश्वरी आहे ती. नानांनी महेश्वरहून आणलेली, काठ बघ." आमच्या घरात या साडीवरून वाद होता. आई गेल्यावर तिच्या पेटीत ती सापडली नव्हती आणि कोणाकडे गेली यावर दोन सुनांमध्ये बरीच वर्षं थोडं तुटक होतं. (नावं घालत नाही, दोघी हे वाचतात.) कॅसेटीत पुढे आईनेच सांगितलं. भावाची शेजारीण, गुजराती बाई, बाळंतीण होती. "तिला देऊन जाणार आहे मी ही. इथे कोण आहे तिला माहेरचं?"

आमची हिने टीव्हीकडे बघतच विचारलं, "मग परत आल्यावर सांगितलं का नाही त्यांनी?" अक्का म्हणाली, "तिला कोणी विचारलं होतं?"

शेवटी शेवटी भाऊ कॅमेऱ्यामागून म्हणतो, "आई, घरच्यांना काही सांगायचंय का?" आई कॅमेऱ्याकडे बघायला लाजते, ओट्याकडे बघूनच बोलते. इथे गराडू मिळत नाही म्हणाली. मग म्हणाली, "अक्के, तुझ्या मागच्या खोलीचं छत गळत होतं, ते करून घेतलंस का गं?"

"करून घेतलं," अक्का म्हणाली. "त्याच उन्हाळ्यात."

नंतर बराच वेळ कोणी रिमोटला हात लावला नाही. कॅसेट संपून यंत्राने आपणहून ती मागे गुंडाळायला घेतली, त्याचा आवाज येत राहिला.

त्यानंतर मी वेळ घालवला नाही. व्हीएचएस पद्धत जपानमध्ये १९७६ साली आली आणि व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, फुनाईने, जुलै २०१६ मध्ये ते बनवणं थांबवलं. म्हणजे आता जे यंत्र चालतंय तेवढंच. आतले रबरी पट्टे सैल पडतात, हेड घासतं, आणि ते बदलून देणारे कारागीर माझ्याच वयाचे आहेत. नातवाने यूएसबीची एक छोटी वस्तू आणून दिली. व्हीसीआरच्या पिना तिच्यात आणि ती लॅपटॉपमध्ये. कॅसेट जेवढ्या तासांची तेवढेच तास लागतात, याला शॉर्टकट नाही. चांगल्या प्रतीची फाइल तासाला साडेतीन-चार जीबी होते, तेव्हा पेनड्राइव्हच्या भरवशावर राहू नका, दोन वेगळ्या हार्डडिस्क ठेवा. अमेरिकेची कॅसेट उतरवताना सॉफ्टवेअरमध्ये एनटीएससी निवडायला विसरू नका. आणि फाइलबरोबर नावांची यादी ठेवा. माझी यादी अक्काने वाचून घेतली आणि दोन ठिकाणी खोडून दुरुस्त केली.

दहा कॅसेटी झाल्या. अकरावी, बिनलेबलाची, मी यंत्रात घातलेली नाही. खिडकीतून रिळावर पांढरी बुरशी दिसते. अशी कॅसेट लावली तर बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या सगळ्या कॅसेटी खराब करते. ही म्हणते ती आमच्या मुलीच्या बारशाची. अक्का म्हणते भाऊजींनी मस्कतमध्ये घराच्या गच्चीवरून काढलेली, पहिलीच. ती कोरडी, उभी, वेगळ्या डब्यात ठेवली आहे. इंदूर, देवास, उज्जैनकडे कॅसेट उघडून फीत साफ करणारा भरवशाचा माणूस कोणाच्या माहितीत असेल तर जरूर सांगा. कुरियरने पाठवणार नाही. मी स्वतः घेऊन येईन, आणि अक्का म्हणते, ती पण येणार.