जाऊन आलेल्यांच्या गप्पा

पार्ले पूर्वेला कुणी 'परवाच आलो लडाखहून' असं म्हणालं, की समोरच्याचा पहिला प्रश्न 'कसं वाटलं?' असा क्वचितच असतो. 'कुणाबरोबर गेला होतात?' हा पहिला. 'माणशी किती पडले?' हा दुसरा. तिसरा प्रश्न येतच नाही, कारण तोवर विचारणारा स्वतःच्या लडाखला पोचलेला असतो. आमच्या वेळी पँगाँगला एवढी गर्दी नव्हती, खारदुंगलाच्या माथ्यावर हिला धाप लागली, मग कापूर हुंगवला... दोन माणसं समोरासमोर उभी, हातात भाजीच्या पिशव्या, आणि दोघंही एकाच वेळी बोलताहेत. याला गप्पा म्हणायचं की दोन स्वतंत्र कार्यक्रम, हे सांगणं अवघड. पण दहा मिनिटांनी दोघं आपापल्या वाटेला लागतात, तेव्हा एकाकडे लेहच्या टॅक्सीवाल्याचा नंबर आलेला असतो आणि दुसऱ्याला कळलेलं असतं की नुब्राला एक रात्र पुरत नाही.

या उपनगराला प्रवासाचं वेड लागायला निमित्तही भरपूर. पश्चिमेला खेटून असलेल्या जुहूला 1928 साली विमानतळ झाला. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन, अहमदाबादला थांबत, तिथेच उतरले. पूर्वेला देशांतर्गत विमानांचं टर्मिनल. विमानांच्या वाटेखाली येणाऱ्या इमारतींच्या उंचीवर मर्यादा असल्यामुळे कितीतरी जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास वर्षानुवर्षं अडून राहिला, आणि सभासदांच्या बैठकीत 'फनेल' हा शब्द चहाइतका सरावाचा झाला. डोक्यावरून विमान गेलं की बोलणं थांबवायचं आणि ते पुढे सरकल्यावर अर्धं राहिलेलं वाक्य नेमकं तिथूनच उचलायचं, हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

आणि इथेच पार्ले टिळक विद्यालयात शिकलेले पु. ल. देशपांडे. बीबीसीत टेलिव्हिजनचं प्रशिक्षण घ्यायला ते गेले, आणि त्या युरोपवारीतून 1960 साली 'अपूर्वाई' आलं. 1963 साली आग्नेय आशिया आणि जपानचं 'पूर्वरंग'. परदेशी जाणं हे ज्या काळात घराण्यातल्या एखाद्यालाच जमत होतं, त्या काळात मराठी मध्यमवर्ग या पुस्तकांच्या बोटाला धरून लंडन-पॅरिस फिरला. गंमत अशी की याच माणसाने 'मी आणि माझा शत्रुपक्ष'मध्ये घरी आलेल्याला कोंडून फोटोंचे अल्बम दाखवणाऱ्यांना शत्रूंच्या यादीत बसवलं. स्वतः प्रवासाची जाड पुस्तकं लिहायची आणि दुसऱ्याचा अल्बम म्हटला की पळ काढायचा, यात विसंगती आहे का? वरवर आहे. पण 'अपूर्वाई' वाचताना जाणवतं की लेखक स्वतःची फजिती आधी सांगतो आणि आयफेल टॉवर नंतर. अल्बमवाल्याच्या प्रत्येक फोटोत आयफेल टॉवर मागे असतो आणि पुढे तो स्वतः, हसत. त्याची कधी फजितीच झालेली नसते. ऐकणाऱ्याने मग करायचं काय?

जाऊन आलेल्याने सांगावं आणि इतरांनी ऐकावं, ही रीत फोटोंच्या आधीची. काशीयात्रा करून आलेला माणूस घरी परतला की मावंदं घालायचा. गंगेचं पाणी भरून आणलेल्या, तोंड बंद केलेल्या तांब्याच्या गडूची पूजा व्हायची, नातेवाईक आणि गावकरी पंगतीला बसायचे, काशीचे काळे गंडे वाटले जायचे. जेवणं झाल्यावर सगळे सुपारी कातरत बसत आणि यात्रेकरू बोलायला लागे. वाट कुठली धरली, धर्मशाळेत कोण भेटलं, पंड्याने किती उकळले. ऐकणाऱ्यांतल्या पुष्कळांना त्या वाटेने जायला कधीच मिळणार नव्हतं, पण ज्यांना जायचं होतं ते कान देऊन ऐकत. पुढच्या वर्षी निघणाऱ्याला ही एवढीच माहिती उपलब्ध होती. नकाशा नव्हता, वेळापत्रक नव्हतं. त्यामुळे सांगणाऱ्याला थापा मारून चालत नसे. पुढच्या वर्षी गावातलाच कुणीतरी परत येऊन त्याचं बिंग फोडणार असे.

या परंपरेतलं सगळ्यात थरारक मावंदं म्हणावं असं पुस्तक मराठीत आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला 1857 साली उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला, लुटले गेले, तरी अखेर गंगेची कावड घेऊन कोकणात परतले. चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी ते लिहून काढलं, पण इंग्रजी अमलात छापायची धास्ती होती. 'माझा प्रवास' पुस्तकरूपाने आलं ते 1907 साली, भटजींच्या पश्चात, आणि तेही वैद्यांची लेखणी बरीच फिरल्यानंतर. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली काढली. त्यात जिलब्यांचं वर्णन आहे, बायकांच्या दागिन्यांचं आहे, कत्तलीचंही आहे, आणि सगळं एकाच सुरात, ओसरीवर बसून सांगितल्यासारखं. इतिहासकार त्यातल्या तारखा तपासत बसतात. वाचणाऱ्याला मात्र दक्षिणेची रक्कम लक्षात राहते, कारण भटजींनी ती कुठेही सांगायची सोडलेली नाही.

मधला काळ स्लाइड्सचा. 36 फोटोंचा रोल जपून वापरायचा, धुऊन यायला आठवडा, मग कुणाच्या तरी दिवाणखान्यात भिंतीवर पांढरी चादर ताणायची आणि प्रोजेक्टरची कळ दाबायची. एखादी स्लाइड उलटी बसे आणि केदारनाथ आकाशातून खाली लोंबकळे. लोक हसत, तेवढ्यात कुणी चहा आणे. मोबाइलने ही शिस्त मोडली. आता सहलीहून आलेल्याकडे हजारभर फोटो असतात, त्यांतले निम्मे बसच्या काचेतून काढलेले. समूहसहलींचे ग्रुप परतल्यावरही चालू राहतात. एकाच सूर्योदयाचे बावीस फोटो, त्यावर बावीस हात जोडलेली चित्रं. पहिले पंधरा दिवस उत्साह, मग सुप्रभात, मग कुणाच्या तरी नातीचा दहावीचा निकाल. या ग्रुपना नावं ठेवणं सोपं आहे. पण साठी ओलांडलेल्या, नवरा गेल्यावर पहिल्यांदाच एकटीने नाव नोंदवलेल्या किती बायकांना पुढच्या सहलीची सोबतीण या ग्रुपातूनच मिळते, हे पार्ल्यातल्या कुठल्याही महिला मंडळात विचारावं.

नर्मदा परिक्रमेची गोष्ट वेगळी. जगन्नाथ कुंटे यांचं 'नर्मदे हर हर' वाचून पाठीवर पडशी टाकलेल्या मराठी माणसांची संख्या लहान नाही, आणि त्यांतले काही परत आल्यावर सोसायटीच्या हॉलमध्ये, ज्येष्ठ नागरिक संघात बोलतात. नदी 1312 किलोमीटरची. दोन्ही काठांनी, ती कुठेही न ओलांडता फिरायचं तर पारंपरिक नियमाने तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. इतक्या निगुतीने हल्ली फार थोडे करतात. काही जण चारेक महिन्यांत चालून येतात, बरेच बसने. अशा कार्यक्रमात श्रोत्यांकडे पाहिलं की दोन गट ताबडतोब ओळखू येतात. एका गटाला चमत्कार ऐकायचे असतात: रात्री जंगलात वाट दाखवणारी म्हातारी, अचानक समोर आलेला शिधा. दुसरा गट थोडा मागे बसतो आणि वही काढतो. शूलपाणीच्या झाडीतून गेलात की बाहेरून? पूर्वी भिल्ल परकम्मावासीयांचं सगळं काढून घेत, आता काय आहे? सरदार सरोवराच्या पाण्याखाली जुनी वाट गेली, मग कुठून वळायचं? बुटांची साइज एक नंबर मोठी घ्यावी का? सदावर्तात मिळतं ते कच्चं की शिजवलेलं?

वक्त्याचा चेहरा चमत्काराच्या प्रश्नांना फुलतो हे खरं. पण त्याची परीक्षा होते ती वहीवाल्यांसमोर. मांडवगडची चढण त्याने पायी केली नसेल तर ते तिसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं, कारण वहीवाल्यांच्या शेजारीच एखादा आधी जाऊन आलेला बसलेला असतो आणि तो अजून काहीच बोललेला नसतो.

हीच गोष्ट डोंगरवाल्यांत शंभर पटीने. 2002 हे संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय पर्वत वर्ष म्हणून पाळलं आणि त्याच वर्षी मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघात पहिलं गिरिमित्र संमेलन भरलं. तेव्हापासून पावसाळ्यात राज्यभरातले गिर्यारोहक आणि भटके तिथे जमतात. पार्ल्याहून जाणारे दादरला गाडी बदलून, ओल्या छत्र्या सांभाळत पोचतात. हिमालयातल्या मोहिमांची सादरीकरणं होतात, छायाचित्रांच्या आणि दृक्-श्राव्य सादरीकरणांच्या स्पर्धा होतात. मंचावर ऐकण्यासारखं पुष्कळ असतं. तरी जाणकार मध्यंतरात वड्याची बशी घेऊन कोपऱ्यात उभे राहतात, कारण खरी देवाणघेवाण तिथे चालते.

'रतनगड केला मागच्या आठवड्यात.'

'रतनवाडीतून की साम्रदहून?'

'साम्रदहून चढलो, त्र्यंबक दरवाज्याने. उतरलो शिड्यांनी.'

'घसारा?'

'आहे. पण आता पाऊस पडून बसलाय.'

'आम्ही एप्रिलमध्ये गेलो होतो तेव्हा गुहेजवळच्या टाक्यात जेमतेम वीतभर पाणी होतं, तेही गाळून.'

'आता तुडुंब. नेढ्यात मात्र उभं राहवत नाही, वारा फेकून देतो.'

मोजकी वाक्यं. त्यात निसर्गाचं वर्णन नाही, 'अविस्मरणीय' नाही, इतिहासाचा अभिमानही नाही. पण ऐकणाऱ्याला सॅकमध्ये किती बाटल्या भरायच्या ते कळलं, नवख्यांना घेऊन कुठून उतरू नये ते कळलं. जुन्या मंडळींनी याच पद्धतीने सह्याद्रीची माहिती साठवली. आनंद पाळंद्यांचं 'डोंगरयात्रा' असो की यंग झिंगारो ट्रेकर्सचं 'सांगाती सह्याद्रीचा', या पुस्तकांमागे अशी असंख्य कोरडी वाक्यं आहेत, प्रत्येकाने आपापल्या घामाने पडताळलेली. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने महाराष्ट्रातले 11 आणि तमिळनाडूतला जिंजी असे 12 किल्ले मराठ्यांचा लष्करी भूप्रदेश म्हणून जागतिक वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा टीव्हीवर दिवसभर जल्लोष झाला. त्या यादीतल्या साल्हेरवर मे महिन्यात पाणी कुठल्या टाक्यातलं प्यायचं, हे मात्र अजूनही जाऊन आलेल्यालाच विचारावं लागतं.

या देवाणघेवाणीला एक काळी बाजूही आहे आणि ती गेल्या दहा-पंधरा वर्षांत फार ठळक झाली. पूर्वी एखादी जागा चार मित्रांना सांगितली की त्यांतले दोन जायचे. आता हरिहरच्या खड्या कातळपायऱ्यांचा एक व्हिडिओ फिरतो आणि पुढच्या रविवारी त्या पायऱ्यांवर चढणारे नि उतरणारे एकमेकांत अडकून तासभर लटकतात. कासच्या पठारावर तर फुलांच्या मोसमात माणसांची संख्या ठरवून, आगाऊ नोंदणी लावून आवर घालावा लागला.

काजव्यांचं प्रकरण सगळ्यात बोलकं. मेच्या अखेरीस, पहिल्या पावसाच्या तोंडावर, भंडारदऱ्याच्या परिसरात हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा अशा झाडांवर काजवे लक्षावधींनी उतरतात. एक झाड पेटतं, विझतं, मग शेजारचं. ती उघडझाप म्हणजे नराने मादीला घातलेली साद असते. आयुष्याचे शेवटचे काही दिवस आणि तेवढ्यात जोडी जमवायची. आणि नेमक्या त्याच रात्री मुंबई-पुणे-नाशिकच्या गाड्या रांग लावून हेडलाइट रोखतात, मोबाइलचे टॉर्च पेटतात, कुणीतरी झाड हलवतं. प्रखर उजेडात मादीला नर दिसत नाही. वन विभागाने वेळेची बंधनं घातली, गाड्या अडवल्या, गर्दी फार हटली नाही.

या विषयावर भटक्यांच्या ग्रुपांमध्ये दर जूनला भांडण ठरलेलं. अशाच एका ग्रुपवर कुणी फोटो टाकला, जागेचं नाव न लिहिता. 'कुठलं हे?' नऊ जणांनी विचारलं. 'सांगणार नाही.' मग पेटलं. सांगायचं नव्हतं तर फोटो कशाला टाकला, इथपासून तुम्ही काय डोंगर विकत घेतलाय का, इथपर्यंत. एका ज्येष्ठ सभासदाने वेगळाच मुद्दा काढला: पुरुषवाडी-घाटघरकडच्या घरांना या तीन आठवड्यांत जेवणाराहणाऱ्यांचे जे पैसे मिळतात त्यावर पावसाळ्याची बेगमी होते, तुम्ही नाव लपवलंत की तुमच्या विवेकबुद्धीचा भुर्दंड त्यांनी भरायचा. 'आणि काजव्यांनी काय भरायचं?' तिकडून उत्तर. दोघांचंही चूक नव्हतं, त्यामुळे वाद मिटण्याची शक्यताच नव्हती.

शेवटी नाव उघड झालंच, अटींसकट. शनिवार-रविवार नाही, बुधवारी जायचं. गाडी गावात लावून पुढे पायी. हेडलाइट बंद, फ्लॅश बंद, टॉर्चला लाल सेलोफेन. अटी सगळ्यांना मान्य झाल्या. लाल सेलोफेन हल्ली पार्ल्यात कुठल्या दुकानात मिळतो, यावर पुढचे चाळीस मेसेज पडले, आणि त्यात एकीने विचारून घेतलं की गिफ्ट रॅपिंगचा चालेल का.