परक्याला लेखी कारण, आपल्या माणसाला ‘उद्या या’

मागच्या महिन्यातली गोष्ट. शिरूर कासारला रविवारची वंदना झाल्यावर पोरं विहारात मोबाईल काढून बसली होती. एकाने बातमी वाचून दाखवली. युरोपातल्या 29 देशांनी बाहेरून येणाऱ्या प्रवाशांच्या बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो सीमेवर संगणकात नोंदवायला सुरुवात केली आहे, पासपोर्टवरचा शिक्का आता बंद होणार. वाचून झाल्यावर तो आम्हाला म्हणाला, "दादा, युरोपातबी अंगठा लागतोय बघा. तुमीच उगं रेशनच्या मशीनच्या नावानं ओरडता."

सगळे हसले, आम्हीही हसलो. पण प्रश्न रास्त होता. घरी येऊन आम्ही त्या पद्धतीचे नियम वाचून काढले. आमचं उत्तर हे असं आहे.

या पद्धतीचा कायदा युरोपने 2017 मध्ये केला. तयारी झाली नाही म्हणून तारीख अनेकदा पुढे ढकलली. शेवटी 12 ऑक्टोबर 2025 ला सुरुवात केली, तीही टप्प्याटप्प्याने. सगळ्या नाक्यांवर एकदम मशीन लावायची नाही, 10 एप्रिल 2026 पर्यंत हळूहळू वाढवत न्यायची, आणि तोपर्यंत जुना शिक्काही चालू ठेवायचा, असं वेळापत्रक ठरवलं. 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत राहणाऱ्या परदेशी माणसांसाठी ही नोंद आहे. शिक्षणासाठी लांब मुदतीच्या व्हिसावर जाणाऱ्या आपल्या पोरांना ती लागू नाही.

त्या कायद्यातल्या दोन गोष्टींवर आम्ही थांबलो. पहिली, ज्याच्या बोटांचे ठसे शरीरामुळे उमटूच शकत नाहीत, त्याला ठशांतून सूट आहे. दुसरी, प्रवेश नाकारला तर ठरलेल्या छापील नमुन्यात कारण लिहून द्यावं लागतं आणि त्या माणसाला अपिलाचा हक्क असतो.

आता आपल्या तालुक्यात या.

आमच्या सख्ख्या मावशीने पंचवीस हंगाम ऊस तोडला. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची गाडी यायची, मग कारखान्यावर कोपी, पहाटे फड, कोयता, मोळी, पुन्हा गाडी भरणं. उसाचं पाचट कातडी सोलतं आणि कोयत्याची मूठ तळहात घासून काढते. आज मावशीच्या अंगठ्यावर रेषाच उरलेल्या नाहीत. काका वारले, कार्डावर एकटीचं नाव, महिन्याला पाच किलो धान्य. त्या पाच किलोसाठी एका महिन्यात ती तीनदा दुकानावर गेली. अंगठा लावायचा, मशीनने नाही म्हणायचं, दुकानदाराने म्हणायचं, "अंगठा उठंना मावशे, उद्या या." तिने साबणाने हात धुतले, रात्री खोबरेल तेल चोळून झोपली. दुसऱ्या खेपेला आम्ही सोबत गेलो आणि म्हणालो, "धान्य देत नसाल तर कारण लिहून द्या." दुकानदार म्हणाला, "सर, मशीन देत नाही, मी काय लिहू?" तिसऱ्या खेपेला अंगठा उठला. घरी येताना मावशी आम्हालाच म्हणाली, "लेकरा, माझंच बोट खराब झालंय, त्याचा काय दोष?"

मित्रांनो, मावशीचं हे वाक्य आम्हाला झोपू देत नाही. राज्य ज्याचा हक्क नाकारतं त्यालाच अपराधी वाटायला लावायचं, हे जातिव्यवस्थेने आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेलं आहे. विटाळ पाण्याला होतो आणि दोष आपल्या हाताचा असतो.

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने आपल्या आठवणी लिहून ठेवल्या. अस्पृश्यता म्हणजे काय हे परदेशी माणसाला कळावं म्हणून त्या लिहिल्या. त्यात 1934 चा दौलताबादचा प्रसंग आहे. वेरूळकडे निघालेले बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी किल्ल्यावर थांबले आणि तिथल्या टाक्यातल्या पाण्याने त्यांनी हातपाय धुतले. त्यावरून गर्दी जमली, तंटा झाला. शेवटी किल्ला बघायला परवानगी मिळाली ती पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि सोबत हत्यारबंद शिपाई दिला. दौलताबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, आपला बीड जिल्हाही होता. कोलंबिया आणि लंडनचे दरवाजे ज्यांना उघडले, त्यांना आपल्याच मुलखात पाण्याभोवती सीमा आखलेली दिसली.

म्हणून आम्ही त्या पोराला सांगितलं, "बाळा, युरोपात ठसा मागतात तो परक्याला. इथं मागतात तो इथल्याच नागरिकाला, आणि तोही गरिबालाच. बाजारात गहू विकत घेणाऱ्याचा अंगठा कोण बघतं?"

आम्ही युरोपचे भाट नाही. त्या नोंदी तीन वर्षं जपल्या जातात, परत गेल्याची नोंद सापडली नाही तर पाच वर्षं. पोलिसांनाही त्या ठराविक कारणांसाठी बघता येतात. बोटांच्या ठशांचं शास्त्र तर इंग्रजांनी आपल्याच देशात, बंगालमध्ये घडवलं, आणि 1871 च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्यांची हजेरी आणि नोंद ठेवणारंही तेच सरकार होतं. त्या जमातींची माणसं आजही आपल्या शेजारी राहतात. तेव्हा यंत्राकडे संशयाने बघायचा आपला हक्क आहे.

पण आपलं भांडण नुसत्या यंत्राशी नाही. यंत्र चुकलं तर भार कोणी उचलायचा, हा मुद्दा आहे. झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात 2017 मध्ये अकरा वर्षांची संतोषी कुमारी गेली. आधार जोडलं नाही म्हणून रेशन बंद झालं आणि पोर भुकेने गेली, असं तिच्या आईने सांगितलं. सरकारने ते नाकारलं. त्यानंतर त्याच ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या अन्न विभागाने राज्यांना कळवलं की आधार नाही किंवा ठसा जुळत नाही म्हणून कोणालाही धान्य नाकारू नका, वेगळी नोंद करून द्या. म्हणजे आपल्याकडेही नियम आहे. तो दुकानाच्या पाटीवर मात्र आम्हाला कधी दिसला नाही.

तरुणांना आमचं सांगणं एवढंच. महिन्यातून एक दिवस रेशन दुकानासमोर जाऊन उभे राहा. ज्याचा अंगठा उठत नाही त्याचं नाव, तारीख, वेळ वहीत लिहा. दुकानदाराकडे लेखी कारण मागा. देत नसेल तर तहसीलच्या पुरवठा विभागाकडे अर्ज करा, पोच घ्या. अन्न सुरक्षा कायदा 2013 प्रमाणे जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य अन्न आयोग आहे, तिथपर्यंत जा. धान्य मिळालं नाही तर त्याच कायद्यात भत्त्याची तरतूद आहे, तीही मागा.

विमानातून उतरलेल्या पाहुण्याला जे मिळतं, तेवढं तरी फडावरून आलेल्या बाईला मिळालं पाहिजे. बोट झिजलं असेल तर सूट, आणि नाकारलं तर सहीनिशी कारण. मावशीसाठी पहिला अर्ज आम्ही केलाय. पोच आमच्या खिशात आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!