पाणी किती परस?

आम्हा खानदेशी माणसांचा पाण्याशी संबंध विहिरीपुरता. समुद्र आम्ही भूगोलात शिकतो. आमची तापी सातपुड्याच्या कडेकडेने पश्चिमेला जाऊन सुरतेपाशी समुद्राला मिळते. आम्ही मात्र तिच्याबरोबर जात नाही. जळगावच्या केळीत आणि धुळ्याच्या कापसात रमून राहतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की पोरे विहिरीच्या काठावरून उड्या मारतात, एवढेच आमचे जलपर्यटन. विहीर किती खोल? तर इतके परस. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला एक पुरुष. घागर बुडाली तर गळ टाकावा, गळाला लागली नाही तर एखाद्या पट्टीच्या पोहणाऱ्याने तळ गाठावा. किती खाली आलो हे त्याला कान सांगत, आणि आता वर चला हे छाती सांगे. दुसरे यंत्र आमच्याकडे नव्हते.

यंत्रांचा विषय घरात आला तो पुतण्यामुळे. हा मुलगा धुळ्याचा. धुळ्याला राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे. २३ मे २०२४ रोजी अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरा नदीत बुडालेल्यांचा शोध घेताना या दलाची बोट उलटली आणि तीन जवान गेले. तेव्हापासून माझ्या भावजयीने घरात नदीचे नाव काढू दिले नाही, आणि चिरंजीवांनी नेमके तेच मनात घेतले. बुडालेल्यांना शोधण्याचे काम शिकायचे, आणि त्यासाठी आधी पाण्याखाली श्वास घ्यायला शिकायचे. होय-नाही करता करता वडिलांनी परवानगी दिली. वर एका यंत्रापुरते पैसेही दिले. ते कोणते घ्यायचे हे पाहण्यासाठी मला बरोबर धाडले. कारण काय, तर काका एम.ए. आहेत!

जळगावहून ठाण्याला उतरून कोकण रेल्वे धरली. १९९८ साली ही वाट सुरू झाली आणि खानदेशातल्या माणसालाही मालवण आवाक्यात आले. कुडाळला उतरून एस.टी.ने मालवण गाठले, की समोर सिंधुदुर्ग. १६६४ साली पाया घातलेल्या या जलदुर्गात मला सर्वांत काय आवडले असेल, तर तीन गोड्या पाण्याच्या विहिरी: दूधबाव, साखरबाव, दहीबाव. चहूकडे खारे पाणी आणि मध्ये आमच्या ओळखीची वस्तू! कोकणात खोली मोजतात ती वावेने. वाव म्हणजे दोन्ही हात पसरलेला माणूस. आमचा माणूस हात वर करतो, त्यांचा आडवे पसरतो. मापाला माणूसच लागतो, हे मराठीच्या मास्तराला सुखावणारे होते.

तारकर्ली तिथून जवळच. पर्यटन विकास महामंडळाने पाणबुडीचे शिक्षण देणारी संस्था काढली ती याच गावात. पावसाळा सोडून इथे पर्यटकांची रीघ लागते. त्यांना अर्थात यंत्राची विवंचना नसते. शिक्षक त्यांचा हात धरून पाच-सात मीटर खाली नेतो, मासे दाखवतो, वर आणतो. यंत्रे शिक्षकाजवळ. शिकणाऱ्याला मात्र स्वतः पाहावे लागते.

पाहायचे काय? मुख्यतः तीन गोष्टी: किती खोल आहोत, किती वेळ झाला, आणि सिलिंडरात हवा किती उरली. १२ लिटरच्या सिलिंडरात २०० बार दाबाने सुमारे २४०० लिटर हवा मावते. माणूस मिनिटाला २० लिटर घेतो असे धरले तर वर बसून ती दोन तास पुरेल. पण पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. म्हणून १० मीटरवर तीच हवा तासभर, २० मीटरवर ४० मिनिटे, ३० मीटरवर अवघा अर्धा तास. त्यातही ५० बार हाती राखून वर यायचे. आणि यायचे तेही सावकाश, मिनिटाला नऊ-दहा मीटर, पाच मीटरवर तीन मिनिटे थांबून. घाई केली तर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. विहिरीत छाती जे सांगते, ते इथे सांगत नाही. श्वास तर छान चाललेला असतो! म्हणून डोळ्यांसमोर काटा हवा.

तो काटा कुठे असावा, यावरच सारा वाद. एक पद्धत कन्सोलची. सिलिंडरापासून रबरी नळी येते, तिच्या टोकाला दाबाचा काटा, खोलीचा काटा आणि बहुधा होकायंत्र, एकाच पेटीत. सगळे एका जागी, काही विसरायला नको. दोन्ही हातांत धरून होकायंत्र सपाट ठेवता येते, दिशा नीट लागते. पण दर वेळी हात घालून उचलावे लागते, आणि नीट अडकवले नाही तर कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यासारखे लोंबत जाऊन पोवळ्यांवर आपटते.

दुसरी पद्धत मनगटाची. खोली आणि वेळ सांगणारा छोटा संगणक घड्याळासारखा बांधायचा. वर येताना डावा हात पोटऱ्या जाकिटातली हवा सोडायला उंचावलेला असतो. यंत्र आपोआप डोळ्यांपुढे येते. खोट दोन. खोल गेल्यावर रबरी पोशाख दबून पातळ होतो आणि पट्टा सैल पडतो. म्हणून ताणला जाणारा पट्टा हवा. दुसरे म्हणजे हवेचा दाब मनगटावर पाहायचा तर सिलिंडराला बिनतारी प्रक्षेपक लावावा लागतो. खर्च वाढतो, आणि त्याची बॅटरी संपली की हवेचा हिशेबच अंधारात.

पर्यटकांच्या निळ्या पाण्यात मी कन्सोलच सांगितले असते. नवशिक्याला एक पेटी सोपी. पण पुतण्याला जायचे आहे ते पांझरा-गिरणेच्या गढूळ पुरात. तिथे स्वतःचा हात दिसत नाही. शोधणारा दोराने काठावरच्या सोबत्याशी बांधलेला असतो, दोराच्या हिसक्यांनी बोलतो, आणि तळाशी बाभळीच्या फांद्या, तुटकी जाळी, तारा. अशा पाण्यात अंगावरून जे लोंबेल ते अडकेल, आणि अडकलेला माणूस हवा दुप्पट वेगाने खातो. तिथे मनगट काचेला टेकवून वाचायचे.

“मग काका, दाबाचा काटा?” पुतण्याने विचारले.

“तो साधाच, आखूड नळीवर, छातीला क्लिपने घट्ट. त्याला बॅटरी लागत नाही.”

असा काटा धुळ्याच्या त्याच्या एका मित्राकडे पडून होता, म्हणून वडिलांचे पैसे पुरले. मनगटी यंत्र घेतले. घरी पोहोचल्यावर भावजयीने ते हातात घेऊन बराच वेळ उलटेसुलटे पाहिले आणि विचारले,

“भाऊजी, याला वर केव्हा यायचे ते कळते ना?”

“कळते. वेगाने आला तर ओरडते.”

“मग नळीवाल्याचे काय?”

“त्याच्याकडे आपल्यालाच बघावे लागते, वहिनी.”

त्यांनी मुलाला समोर बसवले, आणि दर किती मिनिटांनी त्या काट्याकडे बघायचे, ते त्याच्याकडून तीनदा वदवून घेतले.