जेवायला कोण आलं नाही?

धोबीतलावच्या जेर महालात अजूनही गोव्यातल्या गावांचे कूड आहेत. एकेका गावाचा एकेक. बोट मिळेपर्यंत दर्यावर्दी तिथं राहायचे. भिंतीला लागून पेट्या, जमिनीवर अंथरुणं, एका टोकाला वेदी आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हटलेला तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. एखादा गप्प गप्प असला, तर शेजारच्या पेटीवाल्याला ते न सांगता कळायचं. गिरगावातल्या माझ्या लहानपणी मला तिथं फक्त गर्दी दिसायची.

माझा भाचा जहाजावर थर्ड इंजिनिअर आहे. एवढं अजस्र जहाज, त्यावर माणसं जेमतेम बावीस. इंजिनरूममध्ये कान झाकलेले, बोलणं खुणांनी. बंदरात जहाज काही तासच थांबतं, त्यातही तपासण्या, दुरुस्त्या; जमिनीला पाय लागतच नाहीत. नियमानं चोवीस तासांत १० तास विश्रांती हवी. वहीत ती असते. पण झोपच येत नाही, हे बोलायचं कुणाशी? मेडिकलमध्ये अनफिट ठरलं की पुढच्या जहाजावरचं साइन ऑन गेलं, आणि घराचे हप्ते तर चालू. ही भीती मला समुद्राहून मोठी वाटते.

२०२० मध्ये कोविडमुळे करार संपूनही जगभर सुमारे चार लाख दर्यावर्दी जहाजांवर अडकले, त्यांत तोही होता. चौदाव्या महिन्यात घरी आला. ताईनं त्याच्यासाठी सोलकढी केली होती. त्यानं ताट उचललं, खोलीत गेला आणि दार लावून एकटाच जेवला. ताई ओट्याशी तशीच उभी राहिली.

आता जहाजावर इंटरनेट आहे. हवंच ते, लेकराचं पहिलं पाऊल बापाला दिसायला हवं. पण वॉच संपला की जो तो आपल्या केबिनमध्ये, आणि मेसमधला कॅरम तसाच पडून. हेल्पलाइनही आहेत, त्या रात्रीबेरात्री फोन उचलतात; तरी फोन लावायला आधी माणसाला उठावं लागतं.

त्याच्या सध्याच्या जहाजावरचे चीफ कुक दापोलीकडचे आहेत. ते ताटं मोजतात.

‘मावशी, काल मी जेवायला गेलोच नव्हतो,’ परवा तो फोनवर म्हणाला. ‘काका येऊन दार वाजवत राहिले.’

‘मग?’

‘मग गेलो. आमटी गार झाली होती. त्यांनी परत गरम केली, आणि माझं होईपर्यंत समोर बसून राहिले.’